विळीवर बसलेला नवरा

अशी जवळ ये बघू. नवरा सिनेमा बघून रडतो, ही काय मावशीकडे करायची तक्रार झाली, वेडाबाई? आत्ता ओल्या खोबऱ्याचा वास आला आणि आठवलं, गोडदेवच्या आमच्या पहिल्या खोलीत सासूबाई रत्नागिरीहून आल्या, तेव्हा मी स्टुलावर चढून फ्यूज बसवत होते आणि हे विळीवर नारळ खवत होते. सासूबाई दारातूनच कडाडल्या, “अगो, माझ्या मुलाला पार बायको करून ठेवलंस की!” माझा जीव खालीवर, आता हे लाजून उठणार आणि पुन्हा विळीला शिवणार नाहीत. पण हे खवता खवताच म्हणाले, “आई, फ्यूज मी बसवला तर अंधारात जेवशील.” जेवताना सासूबाईंनी कालवण पुन्हा मागितलं, तेही माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे. आताही आत हेच खवतायत. रविवारी जावईबापूंना घेऊन जेवायला ये, आणि रडले तर रडू दे गं त्यांना.