गेटवरची पाहुणी

माझी नोकरी गेली ती हातमोज्यांपायी. नव्वदनंतरची ती वर्षं. मी पेणहून रोज एसटीने रोह्याला जायचे, एका केमिकल कंपनीत पॅकिंगला. पावडरीने हात सोलून निघायचे, म्हणून आम्हां बायांसाठी मॅनेजरसाहेबांकडे हातमोजे मागितले. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." झालं! ना नोटीस, ना चिठ्ठी. पाच वर्षांची नोकरी एका वाक्यात गेली.

गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. लेबर ऑफिसात जाऊन अर्ज दिला. तिथले अधिकारी म्हणाले, "तोंडी काढलंय ना? मग रोज गेटवर हजर राहा. नाहीतर कंपनी म्हणेल, बाई आपणहून यायची बंद झाली."

मग काय, दुसऱ्या दिवसापासून मी फर्स्ट शिफ्टला गेटवर हजर, डब्यासकट. सासूबाई म्हणायच्या, "डबा कशाला नेतेस गो? येशील की दहाला परत." पण डब्याशिवाय ड्युटीला जातं का कुणी?

गेटवरचे वॉचमनकाका कोलाडकडचे, नियमाला एकदम पक्के. पहिल्याच दिवशी त्यांनी भेटायला येणाऱ्यांची वही पुढे केली. माझं डोकंच फिरलं. "काका, मी काय पाहुणी आहे?"

"तुला आत सोडायचा हुकूम नाय, म्हंजे तू बाहेरची. बाहेरच्याचं नाव लिवायलाच लागतंय गो."

कोणाला भेटायचंय? मी रागारागाने लिहिलं, मॅनेजरसाहेब. काम काय? कामावर घ्या. आणि ठोकली सही. काकांनी पुढे लिहिलं, "आत सोडले नाही," आणि खाली स्वतःची सही केली. हे असं रोज, दोन महिने. एकदा वैतागून मी 'साहेबांची तब्येत विचारणे' असं काम लिहिलं, तर काकांनी ते खोडायला लावलं. "खोटं नाय लिवायचं!"

लेबर ऑफिसात तारीख लागली. साहेब साळसूदपणे म्हणाले, "बाई आपणहूनच यायच्या बंद झाल्या." चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, "गेटवरची वही मागवा." साहेबांनी ती जन्मात उघडली नव्हती. पुढच्या तारखेला काकाच ती पिशवीत घालून घेऊन आले. अधिकारी पानं उलटत होते नि हसू दाबत होते. साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. सोमवारी मी कामावर. हातमोजेसुद्धा मिळाले!

आठवडाभरात गेटवर नवा वॉचमन दिसला. काकांना 'वय झालं' म्हणून घरी बसवलं होतं, तेही तोंडीच. संध्याकाळी ते रोह्याच्या स्टँडवर भेटले. "जाऊ दे गो. तुजं झालं ना, बस," म्हणाले नि हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापायी गेली होती त्यांची नोकरी. एसटीत सगळ्या वाटेत मला दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? परत काढलं तर काय, हेच डोक्यात.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आत्ता कुठे कामावर आलात. लगेच रजा कशाला?"

"वॉचमनकाकांना घेऊन लेबर ऑफिसला जायचंय," मी म्हटलं.