लाल दोऱ्याची बाजू

प्रिय निहार आणि ईरा,

परवा ईराचा फोटो आला. मागे तंबू, पुढे तळं आणि काठावर गुडघे टेकून ओंजळीने पाणी पिणारी आमची ईरा. खाली लिहिलं होतं, ‘आजी, पाणी अगदी काचेसारखं!’ तुमच्या आईला फोटो फार आवडला. मला भीती वाटली. एक गोष्ट मी तुमच्या आजोबांनाही अर्धीच सांगितली होती. आता तुम्ही रानात राहायला जाऊ लागलात, तेव्हा ती पूर्ण सांगायला हवी. ती गाळणमावशींची गोष्ट आहे.

मी मेहकरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा त्या तिथे शिपाई होत्या. अमडापूरकडच्या एका खेड्यातल्या. उंच, हाडापेराने मजबूत, उजव्या पायाने किंचित लंगडणाऱ्या. कमरेला जाड पांढऱ्या फडक्याची घडी कायम खोचलेली. पाणी कुणाच्याही घरचं असो, लग्नातलं असो, भांड्यावर ते दुहेरी फडकं धरल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे. बसस्टँडवरचा चहावाला चिडवायचा, “मावशी, चाय बी फडक्यानं गाळू काय?” त्या म्हणायच्या, “तुह्या गाळणीतून हत्ती जाईन, लेका. तू राहू दे, मीच गाळतो.” फडक्याच्या एका कोपऱ्यात, एकाच बाजूला, लाल दोऱ्याची फुली होती. ती ओळखीची खूण असेल असं समजून मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या पायाबद्दल मात्र मुलींनी एकदा विचारलं. त्यांनी लुगडं जरा वर घेतलं. नडगीवर तीन लांब वण होते. “नारू,” त्या म्हणाल्या. नारू म्हणजे दोऱ्यासारखा किडा. ज्या पाण्यात माणसं पाय घालून उतरतात, त्या पाण्यातल्या अगदी बारीक जिवांच्या पोटात त्याची पिल्लं असतात. पाण्याबरोबर ती आपल्या पोटात जातात. वर्षभर काही कळत नाही. मग पायाला फोड येतो, आग आग होते आणि हातभर लांब किडा बाहेर निघू लागतो. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घालतो आणि ते पाणीही नासतं. “लहानपनी आमाले बारवीत उतरू देत नोते,” मावशी हसत म्हणाल्या, “आमी खदानीतलं पानी पेत होतो. नारू मात्र गावाले अन् आमाले सारखाच झाला.” मुली हसल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात बीबी गावाच्या बाजूला, देवळाजवळच्या आमराईत, शाळेचं तीन दिवसांचं शिबिर होतं. बावीस मुली, मी आणि मावशी. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला हातपंप बंद पडला. उरली देवळामागची पायऱ्यांची बारव. मी वाकून पाहिलं, तर तळाची पायरीसुद्धा स्वच्छ दिसत होती. मावशी वाकून पाहून मागे सरल्या. “पानी इतकं निर्मळ दिसलं का मले भेव वाट्टे, बाई.” बावीस जणींचं पाणी उकळायला पुरेल एवढं सरपण आमच्याजवळ नव्हतं. त्यांनी रांजणाच्या तोंडाला फडकं बांधलं, सात-आठ बादल्या गाळल्या आणि पीठ आणायला गावात गेल्या. जाताना म्हणाल्या, “फडक्याले हात नोका लावू.”

पाणी संपत आलं, तेव्हा मी फडक्याकडे पाहिलं. वर हिरवट चिकटा, काड्या, माती. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. उशीचा अभ्रा उलटा असला तरी मला झोप येत नाही. मी फडकं सोडलं, उलटं केलं, स्वच्छ बाजू वर घेऊन नीट ताणून बांधलं आणि दोन बादल्या ओतल्या. मुलींना देण्याआधी आपण चव घ्यावी म्हणून मी पेलाभर पाणी प्यायले. मग पाच मुली प्यायल्या.

मावशी पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आल्या आणि लांबच थांबल्या.

“लाल दोरा कुठी गेला?”

“आत आहे, मावशी. वरची बाजू फार घाण झाली होती.”

त्यांनी डबा खाली ठेवला आणि अख्खा रांजण लवंडून दिला. मग म्हणाल्या, “वरची घान म्हंजेच नारू, बाई. तुमी तो धुऊन आत सोडला.”

“मग आता औषध काय?”

“औषध नाई. वर्सभर वाट पाहाची.”

परतल्यावर त्या म्हणाल्या, “त्या पाच पोट्ट्यायच्या मायायले सांगा.” मी म्हटलं, आयांना सांगितलं तर माझी नोकरी जाईल, पुन्हा कुणी मुलींना शिबिराला पाठवणार नाही. “हाव,” त्या म्हणाल्या, “अन् नाई सांगतलं तं येखांदी फोड घेऊन नदीत उतरन.” तरी मी सांगितलं नाही. माझ्यात धीर नव्हता. एवढंच खरं कारण आहे.

दुसऱ्या दिवसापासून मावशी तांब्या-बादली घेऊन शाळेच्या पायरीवर बसू लागल्या. “पाय धुवा, मंगच वर्गात.” मुख्याध्यापिकाबाईंनी स्वच्छतेचं कौतुक केलं. मुली कंटाळून म्हणत, “मावशी, पाय झिजून जातील हो!” त्या पाच जणींचे पाय मावशी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत हाताने चाचपत. मी वरच्या खिडकीत उभी राहायचे. काही नसलं की त्या माझ्याकडे पाहून तांब्या उचलत. तो तांब्या वर जाईपर्यंत मी खिडकी सोडत नसे. दहाव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी एका मुलीची टाच हातात धरली ती सोडेचनात. मी जिना उतरून धावले. नवी चप्पल चावल्याचा फोड होता.

वर्ष भरलं. पाचही मुली हसतखेळत होत्या. आणि एका सकाळी आंघोळीच्या वेळी माझ्या डाव्या घोट्यावर मला द्राक्षाएवढा फोड दिसला. निखारा ठेवावा तशी आग. समोर बादली भरलेली होती आणि त्या क्षणी जगात मला फक्त पाय त्या पाण्यात बुडवायचा होता. मी बुडवला नाही. कोरडी चिंधी गुंडाळून, वर मोजे घालून शाळेत गेले. मावशींनी मोज्यांकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

“वर्सभर पोट्ट्यायचे पाय पाहत राह्यली मी,” त्या म्हणाल्या. “तुमचे पाह्यलेच नाई.”

किडा बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याचं टोक आगकाडीला गुंडाळलं. रोज एक वेढा, फार तर दोन. मी घाबरून म्हणायचे, “मावशी, एकदाच ओढून टाका.” त्या म्हणायच्या, “तुटला तं पाय सडन. तो त्याच्या चालीनं येते, आपन आपल्या चालीनं गुंडाळाचं.” तिसऱ्या दिवशी वेढा देता देता त्यांनी मान वर न करता विचारलं, “आता तरी मायायले सांगता का?” मी त्याच दुपारी पाच चिठ्ठ्या लिहिल्या. एका मुलीचे वडील दारात येऊन माझ्यावर बेफाम ओरडले. मावशींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पेल्यावर फडकं धरून त्यांना पाणी दिलं. पुढचे काही महिने मायलेकी घरीच पाय तपासत राहिल्या. पाचांपैकी कुणालाही नारू झाला नाही. माझा किडा सतराव्या दिवशी पूर्ण निघाला. तुम्ही लहानपणी बोट लावून विचारायचात ती घोट्यावरची खूण त्याची आहे. ‘पडले होते’ हे मी खोटं सांगितलं होतं.

मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी फडकं धुऊन, घडी करून माझ्या हातात दिलं. “आता उलटं नोका करू,” एवढंच म्हणाल्या. काही वर्षांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं. सुरुवातीला ‘सप्रेम जयभीम’ आणि मग आई गेल्याचं. घरात नळ आला होता, तरी शेवटचं पाणीही तिने नव्या फडक्यातून गाळून मागितलं, असं त्याने लिहिलं होतं.

नारू आता आपल्या देशात उरलेला नाही. ईराच्या तळ्यात तो नव्हता, हे मला कळतं. पण तळ्यात दुसरं काय आहे, ते तळं सांगत नाही. तेव्हा तंबूत राहा, हवं तितकं भटका, पण पाणी उकळून प्या.

मावशींचं फडकं माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मधून विरलं आहे. लाल दोरा पक्का आहे, आणि ती बाजू वर आहे.

तुमची,
आजी