डाव्या हाताचा होकार

दादाला लकवा मारला आणि त्याची वाचा गेली, तेव्हा मला वाईट वाटलं ते आधी माझ्यासाठी. त्याच्याकडून एक वाक्य यायचं राहिलं होतं. ते आता कधीच येणार नव्हतं.

आम्ही दोघं भाऊ जनावरांच्या बाजारातले दलाल. गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. सौदा पटला की चारही बोटं एकदम आवळायची. परतूरच्या बाजारात एकदा मी विकून दिलेला बैल पुढं लंगडा निघाला. मी तपासला तेव्हा तो पायानं साफ होता. नव्या मालकानं त्याला दगडांच्या गाडीला जुंपलं होतं, हे दादालाही ठाऊक होतं. तरी भर बाजारात तो म्हणाला, "याच्या शब्दावर जनावर घेऊ नका. खोटं बोलतो हा."

शब्द गेला की दलालाकडं उरतं काय? मी रुमाल झटकला आणि तिथून उठलो. जुन्या जालन्यात एक खोली घेतली, अनोळखी बाजार पालथे घातले, पुन्हा नाव कमावलं. दादाच्या घरी मात्र पाऊल टाकलं नाही.

मग वहिनीचा फोन आला. "भाऊजी, रोज दिवस कलला की माळाकडं हात करून राह्यलेत. मला सावरणं होत न्हाई. पोरांना हात लावू देत न्हाईत. तुम्ही या एकदा."

"वर्षानुवर्षं आठवण न्हाई आली माझी?"

"आली का न्हाई ते त्यांना विचारा," वहिनी म्हणाली. "मी आपली फोन करून राह्यले."

मी गेलो. वाटूरच्या अलीकडं त्यांचं शेत आणि शेताला लागून माळ. गळ्यात कॅमेरा होता. पक्षी-जनावरांच्या फोटोंचा नाद मला उतारवयात लागला आणि तो कॅमेराही मी दुकानदाराला रडकुंडीला आणून घेतला होता. पण जनावर बघायला शिकवलं दादानंच. बाजारातून परतताना हरणं दिसली की तो बोलायचा नाही, माझं मनगट धरायचा. जितकी हरणं तितक्या वेळा बोट दाबायचा. बोललं की ती पळतात.

दादाचा उजवा हात लुळा पडला होता. सगळे सौदे त्यानं त्याच हातानं केलेले. मी त्याचा डावा हात धरला आणि आम्ही हरभऱ्याच्या रिकाम्या रानातून निघालो. तो पाय ओढत चालत होता. मी बोलत होतो, जरा चढ्या आवाजातच. माझं काय काय गेलं ते सगळं ऐकवलं. तो पुढं बघत राहिला. टिटवी डोक्यावरून ओरडत गेली.

माळाच्या कडेला तो थांबला आणि त्यानं माझा हात दाबला. मोजून पाच वेळा. मला काहीच दिसत नव्हतं. मग वाळल्या गवतात एक काळवीट दिसलं, त्याच्यामागं चार हरणी. ऊन तिरपं होतं, शिंगांची वळणंसुद्धा ओळखू येत होती. मी एका हातानं कॅमेरा डोळ्याला लावला. दुसरा दादाच्या हातात होता.

तसाच, कॅमेऱ्यातून बघत, मी हळू आवाजात म्हणालो, "दादा, त्या बैलाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. तुला ठाऊक होतं ना?"

त्यानं चारही बोटं आवळली. घट्ट. रुमालाखाली सौदा पक्का करताना आवळायचा, तशी.

कॅमेऱ्यातली हरणं पुसट झाली. आता हे भर बाजारात कुणी ऐकलं नाही तरी चालेल, असं मला वाटलं. तेवढ्यात त्याचा सगळा भार माझ्यावर आला. गुडघा लचकून तो खाली चालला होता, म्हणून त्यानं हात आवळला होता.

त्याला जमिनीवर टेकवलं तोवर कळप निघून गेला होता. त्याच्या धोतराची कुसळं काढता काढता मी पुन्हा विचारलं, "ठाऊक होतं ना?" त्यानं मान हलवली. हो.

घरी येऊन मी वहिनीला सांगितलं. दादा कबूल झाला म्हणालो. तिनं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला.

"भाऊजी, ते आता सगळ्यालाच हो म्हणतात. भूक लागली का म्हणलं तरी हो, पोट भरलं का म्हणलं तरी हो."

"मला बराबर कळतं त्याचं," मी तिच्यावर खेकसलो. "जन्म गेला त्याच्या हातात हात देऊन."

पण आयुष्यभर माल उलटून पालटून बघितल्याशिवाय मी घेतला नाही. मी दादासमोर बसलो.

"दादा, मी खोटं बोललो होतो ना?"

त्यानं मान हलवली. तितक्याच मायेनं.

वहिनी पदरानं त्याच्या ओठांची कड पुसत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दादानं डावा हात माळाच्या दिशेला केला. बाहेर अंधारून आलं होतं.

"उद्या जाऊ," मी म्हणालो.

त्यालाही त्यानं मान हलवली.