बिरू मिस्त्रीचा हात

आमच्या कळसमध्ये गाडी ऑइल गाळायला लागली की लोक आधी देवाचं नाव घ्यायचे आणि मग बिरू मिस्त्रीचं. मीही दोन्ही घ्यायचो, फक्त क्रम उलटा. कळस ते इंदापूर सीटा भरून नेणारी माझी वडापची जीप होती, आणि वडापच्या जीपला देवापेक्षा मिस्त्री जास्त लागतो.

बिरूचा बाप मेंढरं राखायचा. बिरूनं काठी सोडली, बारामतीत मानसिंग मिस्त्रीच्या हाताखाली पाना धरला आणि परत येऊन गावच्या रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकलं. मागंच घर. गिअरबॉक्सचं ऑइल बदलणं लोकांना किरकोळ वाटतं. खालचा प्लग खोला, काळं ऑइल सोडा, प्लग लावा, बाजूच्या भोकातून नवं भरा, झालं. बिरू मात्र आधी बाजूचा, भरायचा प्लग ढिला करून बघायचा.

"ह्यो निघंना, अन् खालनं ऑइल सोडून बसलो, तर गाडीत काय ताक वतायचं व्हय?" असं वर विचारायचा.

प्लगाखालचा वायसर, म्हणजे तांब्याची चकती, बिरूची बायको म्हाळसावहिनी चुलीत लाल करून पाण्यात टाकायच्या. त्यानं तांबं मऊ पडतं आणि गळती थांबते. मग बिरू प्लग बोटांनीच फिरवत न्यायचा, अगदी शेवटी पाना लावायचा, आणि एका जागी थांबायचा. तिथंच का थांबला असं विचारलं की चिडायचा. "हात सांगतो की," एवढंच उत्तर.

सत्त्याण्णव साली त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू पडली. काही महिन्यांनी तो पाय ओढत चालू लागला, हात हलायला लागला, आणि शेडचं कुलूप निघालं. पहिली गाडी माझीच लागली. त्यानं खालचा प्लग बसवला, पाना ओढला, आणखी ओढला. बास म्हणावं असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मिस्त्रीला कोण शिकवणार? पाना एकदम हलका झाला. आतले आटे गेले होते.

बिरू जीपखालून बाहेर आला नाही. तिथूनच म्हणाला, "तात्या, हात हलतोय. पर काय सांगत न्हाय."

डाव्या हाताला कळत होतं, पण जीपखाली आडवं पडून डाव्यानं पाना ओढायला अंग साथ देईना. हत्यारं विक आणि पानपट्टी टाक, असं सांगणारे गावात पैशाला पासरी होते. बिरूनं ऐकलंही. रविवारी इंदापूरचा एक माणूस हत्यारं न्यायला येणार होता. पान्याशिवाय हा माणूस जगेल कसा, हे मला कळत नव्हतं. त्याला तरी कुठं कळत होतं!

मी हट्टी माणूस. जीप ओढत नेऊन बारामतीच्या लेथवाल्याकडून नवे आटे पाडून आणले आणि शनिवारी ती तशीच ओढत पुन्हा बिरूच्याच दारात लावली.

"दुसरीकडं न्या," तो म्हणाला.

"न्हेत न्हाय. प्लग लावल्याबिगर जात न्हाय."

आमची ही झकाझकी ऐकून म्हाळसावहिनी चिमट्यात वायसर धरून बाहेर आल्या. वायसर पाण्यात टाकला, चर्र झालं. "आणा हिकडं त्यो पाना," म्हणाल्या, पदर खोचला आणि जीपखाली गेल्या. समोरच्या हॉटेलात दोघे-तिघे दात काढायला लागले. मी त्यांच्याकडं बघून म्हटलं, "च्या निवतोय. प्या गपचीप."

बिरू चाकाला टेकून खाली बसला. बसला म्हणण्यापेक्षा पडला. डावा हात आत घालून त्यानं बायकोचं मनगट धरलं.

"वड. आजून. आजून जरा. थांब."

त्या थांबल्या. त्यानं प्लग पुन्हा ढिला करायला लावला, पुन्हा आवळायला लावला. असं चाललं होतं. मग एकदा त्यानं मनगट नुसतं धरून ठेवलं, 'थांब' म्हटलंच नाही. वहिनी ओढत गेल्या आणि आपल्या आपण थांबल्या. बिरूनं प्लगवरून डावी बोटं फिरवली, पान्याला जरा जोर देऊन पाहिला.

"बसला," तो म्हणाला, आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

ऑइल भरून भोकाच्या काठावरून सांडायला लागल्यावर बाजूचा प्लग वहिनींनी एकट्यांनी लावला. दुसऱ्या दिवशी इंदापूरचा माणूस आला तो चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेला.

पंधरवड्यानं मी सहज शेडवर बसलो होतो. एका ट्रॅक्टरखालून वहिनींचे पाय दिसत होते आणि बिरू खुर्चीवर बसून त्यांना काहीबाही सांगत होता. तेवढ्यात शेळगावचा दत्तोबा आपला ट्रॅक्टर घेऊन आला. गिअरबॉक्समधून ऑइलचे थेंब पडत होते. उतरता उतरता त्यानं हाक मारली, "मिस्त्री, हायसा का?"

सगळी हयात या हाकेला ओ देत आलेला माणूस. मला वाटलं आता देईल. बिरू खुर्चीवरून थोडा वाकला आणि पहिल्या ट्रॅक्टरखाली बघून म्हणाला, "अवं मिस्त्री, गिऱ्हाईक आलंय तुमचं."

"आले," खालून आवाज आला.