समुद्रातला डोंगर आणि आमचे शेजारी

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे तीन मजल्यांवर राहायचे, समोरच्या दारातले आमचे शेजारी तेवढे समुद्राच्या तळाशी. वाशीत घरोघरचे टीव्ही नुकते रंगीत होऊ लागले होते, आणि या गृहस्थाला लोक काय बघतात यापेक्षा न बघता काय फेकून देतात याची काळजी. कोणतीही वस्तू त्यांनी न्याहाळल्याशिवाय धुवायची नाही, असा घरचा दंडकच होता. पालेभाजीची जुडी आली की आधी वर्तमानपत्रावर झटकायची, भिंगातून पाहायची, काय वळवळलं ते वहीत लिहायचं, मगच ती मोरीत जाणार. घणसोलीहून टोपली घेऊन येणारी भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "काका, भाजी घ्यायची हाय का किडं मोजायची हायत?" "दोन्ही," शेजारी शांतपणे म्हणाले. पाहुण्यांच्या चपलांचा चिखलसुद्धा यातून सुटत नसे. वहिनींनी कपाळावर हात मारणं केव्हाच सोडलं होतं. "आमच्याकडे आंघोळीलासुद्धा परवानगी लागते," एवढंच त्या म्हणायच्या.

त्यांची नोकरीच तशी होती. समुद्राच्या पोटात मोठमोठे डोंगर आहेत आणि त्यांच्या दगडांवर कोबाल्ट-मँगनीजचा काळा थर असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सरकारी बोट ते दगड वर ओढून काढायची. बाकीच्यांचं लक्ष धातूवर. दगडाला चिकटून आलेले स्पंज, केसासारखे किडे, पाच नाजूक हातांचे तारे वेचून त्यांची यादी करायचं काम मात्र एकट्या ह्यांचं. "खाण काढायची तर काढा," ते म्हणायचे, "पण घरात कोण राहतं ते आधी विचाराल की नाही?"

एका फेरीत एका डोंगराच्या माथ्यावरून जेमतेम एकच दगड वर आला आणि दोर तुटला. दगड गोल, काळाभोर. हे तापाने केबिनमध्ये आडवे. खलाशांना त्या दगडात देव दिसला. त्यांनी त्याला गोड्या पाण्याने आंघोळ घातली, शेंदूर फासला, नारळ फोडला. हे धडपडत डेकवर आले, भक्तिभावाने हात जोडले, प्रसाद घेतला आणि खोबरं चावता चावता त्यांनी दगड ओळखला! हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मी पोट धरून हसलो. तेही हसले, पण लवकर थांबले.

कारण दगडाला जे काही चिकटून आलं असेल ते त्या आंघोळीतच धुऊन गेलं होतं, आणि अहवालात त्या डोंगरापुढे 'प्राणी' असा रकाना होता. त्यांचे ऑफिसातले साहेब म्हणाले, "'नाही' लिहा." हे म्हणाले, "'माहीत नाही' लिहितो."

"अहो, सरकारी कागदावर 'माहीत नाही' चालतं का? एक तर आहे, नाहीतर नाही!"

'नाही' लिहिलं की तो डोंगर खणायला कुणाची आडकाठी उरणार नव्हती. ह्यांनी 'माहीत नाही'च लिहिलं, खाली सही ठोकली, आणि पुढच्या फेरीच्या यादीतून ह्यांचंच नाव गेलं.

मी चिडून म्हणालो, "लिहायचं होतं 'नाही'. एवढ्या खोल बघायला जातंय कोण?"

"कोणी जात नाही ना," ते म्हणाले, "म्हणूनच."

पुढे त्यांना बेलापूरच्या ऑफिसात टेबलाचं काम मिळालं. बोटीवर ते पुन्हा कधी गेले नाहीत. कधीही न पाहिलेल्या जिवांसाठी त्या माणसाने आपला समुद्र सोडला, आणि मी त्यालाच शहाणपण शिकवायला निघालो होतो, याची मला अजून लाज वाटते.