छिन्नीनं कोरलेलं ‘श्री’

भावोजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी मांडवीच्या बंदरावर बोटीची वाट बघत होतो. दुपारचं जेवून, पान जमवून ओटीवर लवंडले ते उठलेच नाहीत. जन्मात कशाची घाई केली नाही, ती नेमकी इथे केली... हक्कानं थट्टा करावी असा माझा एकुलता एक माणूस गेला.

बारा वर्षं आगबोटीवर फिटर म्हणून काढून ते आमच्या बर्फाच्या कारखान्यात लागले. मी तिथेच कारकून. ताईला कोण आनंद! नोकरी टिकली नाही तर पुन्हा बोट धरायची, हे मात्र ठरलेलं. आणि पहिल्याच दसऱ्याला ती वेळ आली. बर्फाहूनही गार अशा खाऱ्या पाण्यातून बर्फाचे डबे वर उचलायला शेटनी पोलादाचे दोन नवे आकडे आणले होते. पूजेसाठी त्यातल्या एकावर त्यांनी हौसेनं छिन्नीनं ‘श्री’ कोरून घेतलं. भावोजींनी नेमका तोच बाजूला ठेवला.

“हा नको, शेट. गारठ्यात चिरलेलं पोलाद वाकत नाय, चिरेतनंच तुटतं. बोटीवर डोळ्यांनी बघितलंय मी.”

“देवाचं नाव नको? मग उद्यापासून तुम्हीही नको!”

भावोजींनी दोन्ही आकडे त्या खाऱ्या पाण्यात बुडवले आणि खुशाल जेवायला गेले. परत येऊन एकेक शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि शेटच्या समोर घण घातला. साधा आकडा वाकला, पण तुटला नाही. दुसरा पहिल्याच घावाला काडकन गेला, तोही बरोबर अक्षराच्या रेघेवर. डबे उचलताना त्याखाली चार माणसं उभी राहणार होती. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आमच्या शेटना घणाचा लागला.

“मयेकर,” तुटका तुकडा उचलून शेट भावोजींना म्हणाले, “मग देवाचं नाव लिहू कुठे?”

“रंगानं लिवा की! देवाला काय, रंगही चालतो.”

शेट हसले, नोकरी राहिली आणि पूजेच्या पेढ्यांचा पुडा पहिल्यांदा भावोजींच्याच हातात गेला. पुढे कुठलंही नवं लोखंड आलं की भावोजी त्यावरून बोटं फिरवत आणि ओरखडा लागला की कानशीनं घासून गुळगुळीत करत.

परवा ताईकडे गेलो होतो. लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून त्या आकड्याचा तुकडा ठेवलेला दिसला. “हे लोखंड अजून कशाला जपतेस?” मी म्हटलं.

“असू दे रे,” ताई तो पदरानं पुसत म्हणाली, “तुटला, म्हणून माझा माणूस घरात ठेवलान त्यानं.”