गुडघ्याचा बाम

आमचे हे गेल्या साली रत्नागिरीत आयसीयूत होते. हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू असते. तर ते रक्त फारच पातळ झालं आणि हिरड्यांतून यायला लागलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, तरी चार दिवस रिपोर्ट म्हणावा तसा सुधारेना. "पोटात किंवा डोक्यात रक्तस्राव झाला तर कठीण आहे," म्हणाले.

"घरी आणखी काही औषध घेत होते का?" त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं, आणि खोटं नव्हे हो! पोटात जातं ते औषध, एवढीच माझी अक्कल.

पाचव्या दिवशी भेटायच्या वेळेत मी नेहमीसारखी यांच्या गुडघ्यांना बाम चोळत बसले. घरीही दोन वेळा चोळायचेच. तेवढ्यात सिस्टर वास घेत आल्या.

"आजी, हे रोज लावता?"

डॉक्टरांनी डबी वाचली नि कपाळाला हात लावला. बामातलं औषध कातडीतून रक्तात जातं आणि त्या गोळीचा जोर वाढवतं म्हणे. मला रडूच फुटलं. हे खाटेवरून म्हणतात कसे, "चाळीस वर्षं सांगतोय, एवढी सेवा करू नको!"

गुडघे पुसले, बाम बंद केला. दोन दिवसांत रिपोर्ट ताळ्यावर आला आणि यांना वॉर्डात हलवलं. त्या दुपारी मी कँटीनमध्ये पोटभर जेवले नि बाहेरच्या बाकावर अशी झोपले, की हे जेवले का तेही विचारायला गेले नाही.